पहिली दोन अक्षरं

प्लेन मान्येन, ३ सप्टेंबर १९५६

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, असं माझ्या बाबांनी बैठकेत, गावच्या संध्याकाळच्या शाळेत, बाराखडीबरोबरच शिकवलं होतं. तर घ्या, नमस्कार. आता ऐका.

तुमचं पत्र आलं. त्यात आधी त्याची चौकशी, मग इंद्राणीची, आणि कागद उरला म्हणून शेवटी माझी. त्याला गंज चढला का, त्याच्या पंखात पाखरांनी घरटी केली का, त्याच्यावर ताडपत्री आहे का. अहो, माझ्या डोक्यावरचा पत्रा गळतो आहे तो कोण विचारणार? एका वर्षात येतो म्हणून बेट सोडून गेलात, त्याला आता दोन वर्षं झाली. लंडनच्या विमानतळावर काम आहे, तिथे भाग सहज मिळतात, एक भाग घेतो की निघालोच, असं बोटीवर चढताना म्हणालात ना?

मला आजही कळत नाही, लढाई संपली तेव्हा अख्ख्या गावाने आरमाराच्या तळावरून ॲल्युमिनियम आणलं ते डेगच्या करायला. शेजारच्या शांतीकडे अजून त्या पंखाच्या पत्र्याचं मोठं डेगचं आहे, भात काय सुरेख होतो त्यात. आणि तुम्ही? तुम्ही अख्खं लढाऊ विमान आणलंत! मोडक्या चाकांचं, मागून चेपलेलं, दोन बैलगाड्या जोडून, उसाच्या वाटेने. गोठ्यात ठेवलंत आणि गाय विकलीत. का, तर लढाईत तळावर गोऱ्या फिटरच्या हाताखाली तुम्ही त्याचे बोल्ट आवळले होते, ते मादागास्करच्या लढाईत उडालं होतं, आणि ते मरायच्या लायकीचं नाही म्हणून. यालाच लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. माझ्या बाबतीत तर अक्षरशः.

त्यात आणखी एक छळ. त्याचं नावसुद्धा मला घेता येत नाही. चार अक्षरी इंग्रजी नाव, आणि त्यातली पहिली दोन अक्षरं तुमच्या नावाची! भजनात सगळे विठोबाचं ते दोन अक्षरी नाव गर्जतात तेव्हा मी तोंड मिटून टाळ वाजवते. बुतीकमध्ये दुकानदाराकडे त्या चार अक्षरी नावाचा कंदील मागायचा तर "काचेचा, वाऱ्यात न विझणारा" असं सांगावं लागतं. आणि आता गोठ्यातही तेच! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने सांगितलं होतं. मी त्याला "ते" म्हणते. तुम्हालाही "ते" म्हणते. इंद्राणी विचारते, "कोणते ते, आई? गोठ्यातले की लंडनचे?"

त्याच्या नाकावरचा पंखा दर शुक्रवारी हाताने फिरवा, नाहीतर इंजिन आतून धरून बसेल, असं सांगून गेलात. फिरवते. इंद्राणी आणि मी दोघी लटकतो तेव्हा तो मेला जरासा हलतो. तुमच्यासाठी नाही फिरवत, सवय झाली म्हणून फिरवते. गणपती पाच दिवसांवर आले आहेत. मोदक कोणासाठी करू ते कळवा.

पाकिटावरचं नाव नेहमीप्रमाणे इंद्राणी लिहील.

— इंद्राणीची आई

१७ जून १९५७

नमस्कार.

पार्सल पोचलं. तुमचा मॅग्नेटो पोचला. माहेरच्या कृष्णदेवदादाला बोलावून उघडलं, तो साखर कारखान्यात फिटर आहे म्हणून त्याला कळतं. म्हणाला, "पुष्पा, हाच तो ठिणगी पाडणारा. याच्याचसाठी अडलं होतं सगळं." त्याने फडक्याने पुसून तीनदा उलटासुलटा करून पाहिला, लेकरू पाहावं तसा.

मी मात्र पेटीत हात घालून तळापर्यंत चाचपत राहिले. आयो, किती मूर्ख मी! माणूस भाग आणायला गेला. भाग आला, माणूस नाही आला.

"पुढच्या वर्षी नक्की" असं चिठ्ठीत लिहिलंत. पुढचं वर्ष तिकडे कधी उगवतं? आमच्याकडे दर जानेवारीत उगवतं, ऊस पुन्हा वर येतो, पुन्हा कापतात.

आणखी एक. मॅग्नेटो ज्या कापडात गुंडाळला होता, तो हातरुमाल होता. कडेला लेस होती. तुम्ही लेसचा रुमाल कधीपासून वापरायला लागलात? थंडीत नाक फार गळतं का तिकडे? मी तो धुतला नाही. साबणाचा वास आहे त्याला, फुलांचा. कृष्णदेवदादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, चहा ठेव. मी चहा ठेवला.

इंद्राणी चौथीत पहिली आली. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

— इंद्राणीची आई

६ मार्च १९६०

आम्ही जिवंत आहोत. पेपरात वाचलं असेल, सिक्लोन आलं. असं वादळ आईनेही पाहिलं नव्हतं. अर्धं गाव आडवं झालं. आपल्या घराचा पत्रा कुठे गेला तो अजून सापडला नाही. तुळस गेली, फणस गेला, शांतीची भिंत गेली. तिचं ते विमानाच्या पत्र्याचं डेगचं मात्र उसात सापडलं, पोचासुद्धा नाही.

तुमचं ते उभं आहे. बरं झालं असतं गेलं असतं तर! मला वाटलं होतं या खेपेला सुटका होईल. गोठ्याच्या भिंती दगडी, म्हणून राहिलं असेल. फक्त शेपटीकडचं कापड सगळं फाटून लोंबतं आहे.

इंद्राणी खांद्यावरून वाचते आहे, आणि म्हणते, "खोटं का लिहितेस? वारा सुरू झाला तेव्हा घरात एकच चांगला दोर होता, आणि मी म्हणत होते आई घराला बांध, घराला बांध, पण तू पळत गोठ्यात गेलीस." बारा वर्षांची पोर, उचलली जीभ लावली टाळ्याला. दोर कुठे पुरला तिथे बांधला. मग घर उघडं पडलं म्हणून आम्ही दोघी जाऊन त्याच्या पंखाखाली बसलो, आणि अख्खी रात्र ते दोर ताणून थरथरत होतं, पण सुटलं नाही. एवढंच.

आता फाटकं काही माझ्याने बघवत नाही, मग ते कोणाचंही असो. फ्लाकच्या बाजारातून लिनन आणलं आणि शेपटी शिवायला घेतली. मागचा सगळा भाग लाकडी पट्ट्यांवर कापडाचाच आहे, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नव्हतं! मला वाटायचं सगळं लोखंड. जुनं कापड काढताना आत तीन ठिगळं दिसली, बारीक, गोल. लढाईत लागलेल्या गोळ्यांची, दादा म्हणाला. कोण्या गोऱ्याने घाईघाईत लावली होती, टाके पाहवत नाहीत.

शिवलं तरी कापड ढिलं, मग मी काय करणार? धोतराला करतो तशी भाताची कांजी केली आणि लावली. आहा, ताशासारखं टणक झालं! दुसऱ्या दिवशी बघते तर मुंग्यांनी निम्मी शेपटी खाल्ली. हसू नका. तुम्हाला हसायचा हक्क नाही.

साखर इस्टेटीवरचे साहेब, मिस्ये आंद्रे, पडकी घरं बघायला आले होते. लंगडत चालतात, लढाईत इंग्लंडमध्ये विमान चालवायचे. गोठ्याशी थबकले आणि डोक्यावरची टोपी काढली, मयताला काढतात तशी. मग आत येऊन मुंग्या पाहिल्या आणि भिंतीला धरून हसले. "मादाम, याला कांजी नाही, डोप लागतं, विमानाच्या कापडाचं व्हार्निश." विमानतळावरून डबे मिळवून दिले. पिकल्या केळ्यांसारखा वास येतो त्याचा, डोकं गरगरतं. सुकलं की कापड स्वतःच आखडतं. टिचकी मारली की वाजतं.

पत्र्याचं काय ते कळवा. घराच्या पत्र्याचं.

— इंद्राणीची आई

२२ ऑक्टोबर १९६१

दीड वर्ष तुमचं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. उगाच नंतर म्हणाल, मला कोणी विचारलं नाही.

दादा आणि मिस्ये आंद्रे, दोघांनी मिळून मॅग्नेटो बसवला, चाकं नीट केली. गेल्या रविवारी गोठ्याची पुढची भिंत पाडून त्याला उसाच्या लॉरीमागे बाहेर काढलं आणि इंजिन चालवलं. नळ्यांतून जाळ निघाला, मग असा आवाज झाला की शांतीच्या कोंबड्या अजून अंडी देत नाहीत. दादा रडला. मी नाही रडले. माझ्या डोळ्यांत धूर गेला.

आता ते उडवायचं तर सरकारात नोंद पाहिजे. त्यासाठी विमानतळावरचा एक साहेब आला काल. सगळं गाव अंगणात. दादा कारखान्यात होता, आंद्रे साहेब पोर्ट लुईला. साहेबाने मला विचारलं, या विमानाचं नाव काय? आता कसं सांगू? तुमची दोन अक्षरं! मी म्हटलं, वादळ. तुफान. त्याने लिहिलं, तुफान.

(इथे मी इंद्राणी लिहिते आहे, आई लिहीत नाही म्हणून: त्याला आम्ही सांगितलं की ते हरिकेन आहे. तो म्हणाला, विमान कुठलं ते मला दिसतं, मला याचं ठेवलेलं नाव पाहिजे. मग राहिलं तुफान.)

मग साहेब म्हणाला, मालक कोण? बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी म्हटलं, घरचे. साहेब म्हणाला, घरचे म्हणजे कोण? म्हटलं, ते. कुठले ते? इंद्राणीचे बाबा. त्यांचं नाव? मी खाली बघितलं. शांती ओरडली, "उखाण्यात घे गं!" आणि सगळ्या फिदीफिदी. इंद्राणी सांगायला पुढे झाली तर मी तिला मागे ओढलं. बापाचं नाव चव्हाट्यावर पोरीने सांगायचं, म्हणजे आईचं काय उरलं? ऊन टळटळीत, साहेबाची मान लाल. शेवटी तो वैतागला आणि म्हणाला, "की ऊ नों, मादाम?" तुमचं स्वतःचं नाव काय, बाई?

ते घ्यायला कुठे बंदी आहे! मी सांगितलं, पुष्पावती. त्याने तेच लिहिलं आणि गेला.

झालं हे असं झालं. दादा म्हणतो, नंतर जाऊन बदलू. मी म्हटलं, बघू. तुम्ही आलात की तुम्हीच बदला.

— इंद्राणीची आई

११ फेब्रुवारी १९६२

वा! दीड वर्ष पत्र नाही, आणि आता एका महिन्यात दोन! वरातीमागून घोडं.

म्हणे मी चोरी केली. म्हणे मी कावा करून, तुम्ही नसताना, विमान माझ्या नावावर केलं. म्हणे तिकडच्या कुठल्या क्लबाला तुम्ही ते केव्हाच देऊन बसला आहात, त्यांचा माणूस पेट्या घेऊन जुलैत बोटीने येतो आहे, त्याला ते खोलून द्यायचं. आणि म्हणे मी सरकारी कचेरीत जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं की खरा मालक अमुक अमुक, माझा नवरा.

म्हणजे तुम्ही मला सांगता, माझं नाव घे! लग्नाला अठरा वर्षं झाली. हळदीकुंकवाला बायका हट्ट करायच्या तेव्हा मी उखाणा घेताना नावापाशी येऊन अडखळायचे, आणि तो तसाच राहायचा, आणि तुम्ही पडवीत बसून मिशीत हसायचात, आठवतं? तुमच्या आयुष्याला धक्का लागू नये म्हणून मी भजनात मुकी राहिले. कंदिलाचं नाव गिळलं. साहेबापुढे उन्हात उभी राहिले. चोर तो चोर, वर शिरजोर! मी काही घेतलं नाही. तुमचं नाव घेतलं नाही, एवढंच मी केलं.

आणि ते खोलायचं? पेट्यांत भरायचं? माझे टाके उसवून? शेपटीचा एकेक टाका मेण लावलेल्या दोऱ्याचा आहे, मधे गाठ, पुन्हा टाका, पुन्हा गाठ. बोटांना घट्टे पडले आहेत. तुम्ही लंडनात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि आयत्या बिळावर नागोबा व्हायचं? मी त्याचा पंखा फिरवला. मी त्याला वादळात बांधलं. हो, इंद्राणी म्हणाली ते खरं आहे, घर सोडून मी त्याला बांधलं. काय म्हणायचं ते म्हणा.

आता मनात आहे ते लिहूनच टाकते, नाहीतर मला झोप लागणार नाही. तुम्हाला दादा म्हणणारा सुरेंद्र लंडनहून सुट्टीवर आला आहे. मी त्याला काही विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, भाभी, दादांचं घर छान आहे, खिडक्यांना पडदे आहेत. पुरुषाच्या घरी खिडक्यांना पडदे कोण लावतं ते मला कळतं. मग मी लेसचा रुमाल आणून त्याच्या पुढे ठेवला. तो खाली बघत राहिला. म्हणाला, ती दादांना हॅरी म्हणते.

हॅरी.

स्वयंपाकघरातून हाक मारत असेल, हॅरी. जिन्यावरून हॅरी. माणसांदेखत हॅरी. दिवसातून शंभरदा नाव घेते, आणि तुम्ही चांगले धडधाकट! वजन वाढलं आहे म्हणे. मग मी इतकी वर्षं कोणाचं आयुष्य राखत होते?

माणूस पाठवायचा तर पाठवा. तो येईपर्यंत ते गोठ्यात असेल की आकाशात, ते माझं मी बघेन.

— पुष्पावती

५ ऑगस्ट १९६२

हरिलाल,

लिहिलं बघ. लिहून झाल्यावर मी थोडी थांबले, बाहेर कुत्रं भुंकलं तेवढंच.

तुझा माणूस आला. पेट्या घेऊन आला, नव्या लाकडाच्या, सुरेख. आधी विमानतळाच्या कचेरीत गेला. तिथे त्याला सांगितलं, मालकीण पुष्पावती, तिची सही आणा. मग तो माझ्या अंगणात आला, टोपी हातात, कागद पुढे केला. तुझं पत्रही दाखवलं, तू लिहिलं आहेस की बाई भोळी आहे, समजावलं तर ऐकेल. मी त्याला चहा दिला. म्हटलं, मिस्ये, याच्यावर नवऱ्याचा हक्क आहे असं मला सांगायचं होतं, पण काय करू, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दादाने ते त्याला इंग्रजीत सांगितलं. बिचाऱ्याला काही कळेना. दोन दिवस खेटे घातले आणि बोटीने गेला. पेट्या परत नेणं त्याला परवडेना, म्हणून इथेच टाकल्या.

काल ते उडालं.

पहाटे पंख उतरवून लॉरीमागे तळावर नेलं होतं, त्याच वाटेने, जिथून तू बैलगाड्यांवर आणलं होतंस. तिथे पंख पुन्हा बसवले. आंद्रे साहेबांनी उडवायला आत चढण्याआधी मला विचारलं, मादाम, परवानगी आहे? आजवर मला कोणी कशाची परवानगी विचारली नव्हती. मी नारळ फोडला, त्याच्या नाकाला कुंकू लावलं आणि म्हटलं, जा.

साहेब मला आधीच म्हणाले होते, सुटताना ते डावीकडे ओढतं, घाबरू नका. तरी जेव्हा ते खरंच डावीकडे गेलं तेव्हा मी इंद्राणीचा दंड धरला. मला वाटलं, आता उसात घुसणार, आणि मग हरिलाल जिंकणार. मग शेपटी उचलली गेली. माझी शेपटी, हरिलाल! पिकल्या केळ्यांच्या वासाची, माझ्या टाक्यांची, उन्हात रुपयासारखी चमकली, आणि चाकं सुटली. ते मायबूरच्या खाडीवर गेलं, सिंहाच्या डोंगराला वळसा घातला आणि आमच्या डोक्यावरून असं आलं की सगळं गाव खाली बसलं. मी नाही बसले. मी उभी राहून पाहिलं, खालून सगळे टाके दिसत होते. एकही उसवला नव्हता.

मी रडले. या खेपेला धूर नव्हता. तू यासाठी वेडा झाला होतास ते मला काल कळलं. आणि ते बघायला तू नव्हतास याचा मला इतका राग आला की कोणाचा तरी गळा धरावासा वाटला. तू असायला पाहिजे होतास रे. लेसचे रुमाल घेऊन, पडदे घेऊन, कसाही. मग दादा येऊन बाजूला उभा राहिला आणि मी तोंड पुसलं.

शांतीला कुठे गप्प राहवतं! ती ओरडली, "पुष्पा, आज तरी उखाणा घे! आज नाव घेतल्याशिवाय सोडायची नाही!" सगळ्या बायकांनी मला घेरलं. वर ते घिरट्या घालत होतं. मी अडखळले नाही. विमानाच्या आवाजावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घेतला:

*गोठ्यात नाही गाय, गाडीला नाही बैल,*
*हरिकेन चढलं वर, हरिलाल राहिला पैल.*

कोणी हसलं नाही. शांतीने माझा हात घट्ट धरला. इंद्राणी माझ्याकडे बघत होती, तिने माझ्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच ऐकलं.

ते आता तळावरच्या शेडमध्ये आहे, माझ्या नावावर. पुन्हा कधी उडवायचं ते मी आणि आंद्रे साहेब ठरवू. तुझ्या पेट्यांच्या फळ्यांनी मी गोठ्याची भिंत बांधून घेतली. पुढच्या आठवड्यात गाय येते आहे. संध्याकाळी भजन आहे, आज मला टाळ नको, मी गाणार आहे.

पाकिटावर तुझं नाव आज मी माझ्या हाताने लिहिलं. इंद्राणी विचारत होती, लिहून देऊ का? मी म्हटलं, नको, आता मला येतं.

— पुष्पावती